दलाल पाहावा करून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांवर डीमॅट खातं उघडायचा प्रसंग आला नव्हता, हे उघड आहे. नाहीतर म्हणीला तिसरा चरण जोडल्याशिवाय ते राहते ना. आमचं लग्न कांदेपोह्यांच्या एका बशीवर, पाऊण तासात ठरलं. दलाल ठरायला आठ महिने लागले.

मी निवृत्त झालो, फंडाचे पैसे बँकेत येऊन पडले आणि चिरंजीवांनी फर्मावलं, ‘‘बाबा, ईटीएफ घ्या. निफ्टीचा एक घेतला की पन्नास कंपन्यांचा थोडा थोडा वाटा येतो.’’

‘‘म्हणजे मिसळ!’’ मी म्हणालो. हा पदार्थ आपल्याकडे 2001 सालच्या अखेरीस आला, हेही मला तेव्हाच कळलं. फक्त ही मिसळ शेअरसारखी बाजारात विकली जाते. तेव्हा डीमॅट खातं हवं आणि दलाल हवा.

दलाल! आमच्या घराण्यात हा शब्द दिवेलागणीला कोणी उच्चारत नसे. आजोबांनी बैलसुद्धा दलालाला टाळून घेतला होता. तो बसका निघाला ही गोष्ट निराळी. पण तत्त्व उभं राहिलं.

मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले आणि स्थळं पाहू लागलो. पहिलं स्थळ खानदानी. त्यांचा टाय लावलेला मुलगा घरी आला, चहा प्याला, डायरी देऊन गेला. दलाली अर्धा टक्का. म्हणजे लाखाला पाचशे, वर अठरा टक्के जीएसटीचे नव्वद. डायरी महागात पडली असती.

दुसऱ्या जातीची स्थळं म्हणत होती, घेऊन ठेवायचं असेल तर दलाली शून्य. फुकट म्हटलं की माझी झोप उडते. मी बारीक अक्षरांतला मजकूर भिंग घेऊन वाचला. खात्याची वार्षिक फी होती. विकताना डीमॅटमधून माल काढायचे पंधरा-वीस रुपये होते, मग युनिट एक विका की हजार. मुद्रांक शुल्क आणि उलाढालीवरचा कर मात्र सरकारी. तो कुठेही गेलात तरी तेवढाच.

‘‘आणि दलाल पळाला तर?’’ मी चिरंजीवांना विचारलं. तेव्हा कळलं, की युनिटं दलालाच्या घरात नसतातच. ती एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत, आपल्या नावावर असतात. दलालाची सेबीकडे नोंदणी आहे का ते पाहावं, आणि न गुंतवलेली रोकड त्याच्याकडे ठेवू नये, म्हणजे झालं.

आठ महिन्यांनी वही भरली. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात वर्षाला बावीस रुपयांचा फरक पडत होता. मी विजयी मुद्रेनं वही सौ.पुढे धरली. तिनं दोन पानं उलटली आणि म्हणाली, ‘‘यातलं मला काही कळत नाही. तुम्ही नसताना मी कोणाला विचारायचं?’’

वहीत एकोणीस रकाने होते. हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं एकेकाला फोन लावला. एकाकडे यंत्र बोललं, दुसऱ्याकडे संगीत वाजलं, तिसऱ्यानं एक दाबा, दोन दाबा करत पुन्हा एकावर आणून सोडलं. चौथ्याकडे एक मुलगी बोलली. तीही मराठीत! वारसनोंद कशी करायची, पुढे कोणते कागद लागतात, सगळं तिनं न कंटाळता सांगितलं. ‘‘हाच,’’ सौ. म्हणाली. माझ्या यादीत तो नववा होता.

खातं उघडलं. वारस म्हणून सौ.चं नाव लावलं. मग मी एकट्यानंच, आपल्या हुशारीनं, कोणी फारसं घेत नाही असा एक ईटीएफ निवडला आणि ‘मार्केट ऑर्डर’चं बटण दाबलं. त्याची खरी किंमत त्या घटकेला युनिटला शंभराच्या आसपास होती. मला मिळाला एकशेदोनला. पाचशे युनिटं, हजार रुपये. बावीस रुपये वाचवायला आठ महिने आणि हजार घालवायला आठ सेकंद.

सौ.नं त्याच मुलीला फोन केला. तिनं सांगितलं, की मार्केट ऑर्डर म्हणजे समोरचा मागेल तो भाव. ज्या फंडाला गिऱ्हाईक कमी, तिथे मागणारा वाटेल ते मागतो. त्यापेक्षा जास्त उलाढालीचा फंड बघावा, त्या क्षणाचं मूल्य पाहावं आणि ‘लिमिट ऑर्डर’ टाकावी.

‘‘म्हणजे ‘एवढ्यात देतोस तर दे’, हेच ना?’’ सौ. म्हणाली. ‘‘मी मंडईत तीस वर्षं दुसरं काय करते? आणि तुम्ही भाव न विचारता पिशवी पुढे केलीत!’’

तेव्हापासून भाव ती सांगते, बटण मी दाबतो. वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर दुधाचा हिशेब चालू आहे. त्यात मात्र अजून एका रुपयाचीही चूक निघालेली नाही.