मालगाडीला वेळापत्रक नसते

अण्णांचे वय आता ८६ आहे. गेल्या तीन वर्षांपासून त्यांची स्मृती हळूहळू मावळत चालली आहे. दुपारपर्यंत ते शांत असतात, दिवस कलू लागला की मात्र अस्वस्थ होतात, काठी घेऊन दाराशी येतात आणि म्हणतात, "वॅगन लागली असंल. गाठी मोजायच्या राहिल्या."

खामगावातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात त्यांनी आयुष्य काढले. कापसाच्या गाठी, प्रत्येकी सुमारे १७० किलोच्या, वॅगनमध्ये चढताना मोजणे आणि वहीत नोंदवणे हे त्यांचे काम. तो कारखाना केव्हाच बंद पडला, हे मी त्यांना रोज समजावीत असे. एका संध्याकाळी माझा आवाज चढला. त्यांनी माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहिले आणि मुकाट्याने काठी भिंतीला टेकवली. त्या रात्री मला झोप लागली नाही. वॅगन नाही असे रोज पटवून देण्यापेक्षा त्यांना वॅगन दाखवायलाच का नेऊ नये, असे मनात आले.

त्यासाठी दूर जाण्याची गरज नव्हती. खामगावहून जलंबला जाणारा लोहमार्ग जेमतेम १३ किलोमीटरचा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेला मुख्य मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि १८७० मध्ये ही छोटी शाखा सुरू झाली. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिच्या उद्घाटनासाठी खामगावला आले होते. आज या शाखेवर एक लहानशी प्रवासी गाडी ये-जा करते. एरवी शांतता असते. जलंबला ही शाखा मुख्य मार्गाला मिळते आणि तेथून मालगाड्या जातात.

पहिला बेत सपशेल फसला, आणि त्यात दोष माझाच होता. अण्णा संध्याकाळी अस्वस्थ होतात, म्हणून मी त्यांना एप्रिलच्या एका संध्याकाळी नेले. फलाट अजून तापलेला होता. आम्ही कडेपासून फार लांब बसलो नव्हतो. एक एक्स्प्रेस न थांबता भोंगा वाजवीत धडधडत गेली आणि अण्णा माझ्या दंडाला बिलगले. स्वच्छतागृह कोठे आहे याची मी आधी चौकशी केली नव्हती. त्यांचे धोतर ओले झाले आणि परतीच्या वाटेवर ते लहान मुलासारखे मान खाली घालून बसले. त्या वेळी आमच्या ह्या म्हणाल्या, "तुम्ही गाडीचा विचार केला, अण्णांचा नाही."

दुसरा बेत डिसेंबरात आखला, तोही आधी कागदावर. जायचे सकाळी नऊच्या सुमारास, कारण त्या वेळी त्यांचे मन सर्वांत निवांत असते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एक गोळी आहे. ती त्या दिवशी परतल्यावर दिली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घेतले. स्वतःच्या मनाने गोळीची वेळ बदलू नये. आदल्या दिवशी मी एकटा जाऊन बाक, सावली, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह पाहून आलो. पिशवीत धोतराची जादा जोडी, पाणी, भाकरी-पिठले, कानटोपी आणि कानात घालायला कापूस घेतला. अण्णांच्या खिशात त्यांचे नाव आणि माझा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवली. फलाट तिकीट १० रुपयांचे आणि दोन तासांपुरतेच असते. ती मर्यादा मला सोयीचीच वाटली. त्याहून अधिक बसणे त्यांना झेपले नसते.

फलाटाच्या मागच्या बाजूच्या बाकावर, कडेपासून दूर, आम्ही बसलो. पाऊण तास एकही मालगाडी आली नाही. मी सवयीने चारदा घड्याळ पाहिले. अण्णांनी एकदाही विचारले नाही. ते ऊन खात, रुळांकडे पाहत स्वस्थ बसले होते. तेव्हा मला उमगले, की घरात मी त्यांना सतत घड्याळाला बांधून ठेवतो: आठला गोळी, नऊला अंघोळ, एकला जेवण. मालगाडीला प्रवाशांसाठी छापलेले वेळापत्रक नसते. तिची वाट पाहणाऱ्याला उशीर झाला, असे कोणी म्हणू शकत नाही.

मग ती आली. गाडी नजरेत नीट भरण्याआधीच अण्णा म्हणाले, "भरेल हाय." खरोखरच कोळशाने भरलेल्या उघड्या वाघिणी जड, संथ लयीत पुढून जाऊ लागल्या. अण्णांचे ओठ हलत होते, बोट मांडीवर ठेका धरीत होते. अशा गाडीला साधारणपणे ५८-५९ वाघिणी असतात. अण्णा ४० पर्यंत पोहोचले आणि आकडा हरवला. माझा जीव वर-खाली झाला. पण ते रागावले नाहीत. शेवटच्या डब्यातील गार्डला त्यांनी हात केला. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. अण्णांच्या लेखी तो गार्डच. त्यानेही हात हलवला.

त्यानंतर आम्ही तीनदा जाऊन आलो. यामुळे अण्णांची स्मृती परतली, असे मी म्हणणार नाही. हा आजार पुढेच सरकत असतो. संध्याकाळी ते आजही काठी घेऊन दाराशी येतात. फरक पडला तो माझ्या उत्तरात. कारखाना बंद झाल्याचे मी आता सांगत नाही. त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून विचारतो, "अण्णा, आज किती भरल्या?" ते विचार करून एक आकडा सांगतात, रोज निराळा. मी तो वहीत लिहून घेतो. लिहिलेले एकदा नीट पाहून घेतात आणि मग जेवायला आत येतात.