एका पायाची मोजडी

१४ ऑक्टोबर, सावेडी
आमरीच्या पानांची टोकं पुन्हा करपली. खत जास्त झालं असेल म्हणून महिनाभर बंद ठेवलं, तरी तेच. आज चहाचं पातेलं घासताना बुडाचा पांढरा थर नखाने खरवडला आणि डोक्यात प्रकाश पडला. कुंडी उपडी केली. सालीच्या तुकड्यांवरही तोच थर! बोअरचं पाणी भोवलं. नवी साल भरली, कोळसा घातला, लव असलेली तपकिरी मुळं जपून बसवली. आता आरओचं पाणी.
सासूबाई म्हणाल्या, "आम्ही जन्मभर बोअरचं प्यायलो. ही कोण लागून गेली?"

२२ डिसेंबर
पानांच्या बेचक्यात कळी! रात्री खिडकीची काच गार पडते, म्हणून कुंडी आत सरकवली. भंडारदऱ्याकडे झाडांवर दिसणारी डेंड्रोबियम आमरी जाड खोडात पाणी साठवते, उन्हाळ्यात पानं गाळून निभावते. हिच्याकडे तसली साठवण नाही. साल सुकू द्यायची नाही, चिखलही करायचा नाही.

९ फेब्रुवारी
उमललं. वर हिरव्या रेघांचं पांढरं पागोटं, खाली हिरवट पिशवी. रानात माशी कडेवरून घसरून या पिशवीत पडते. समोरून चढता येत नाही. मागच्या बाजूला केसांची शिडी, वर चिंचोळी फट. तिथून अंग घासत सुटताना पराग पाठीला चिकटतो. आमच्या हॉलमध्ये फूल नुसतीच वाट पाहणार.
सासूबाईंनी चष्मा लावला. "मोजडीच की गं! दुसरी कुठाय?"
ही मोजडी आमरी म्हणजे 'मॉडिए' संकर, १९०० सालचा, इंग्लंडातला. फॅलेनॉप्सिस आमरीसारखी याची ऊतीसंवर्धनाने घाऊक रोपं सहज होत नाहीत; बहुतेक बियांतूनच वाढवावी लागतात. भाव चढा तो त्यामुळेच. मध्यंतरी एक विक्रेता ईशान्येतलं 'अस्सल जंगली' रोप स्वस्तात देत होता. मोजडी आमरीला १९९१पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे म्हटल्यावर त्याने फोनच ठेवला.

६ एप्रिल
फूल गळलं, पण अख्खं. कोमेजलेलंही नाही. त्या फुटव्याला पुन्हा फूल यायचं नाही. शेजारी नवा कोंब बोटभर झालाय. सासूबाईंनी फूल उचललं, देवघरापर्यंत गेल्या, थबकल्या. "पायताण देवापुढे कसं ठेवू?" संध्याकाळी पाहिलं तर चपलांच्या स्टँडवर, माझ्या सँडलशेजारी.

१७ जून
पहिली सर वाहू दिली, मग आमरीसाठी पागोळीखाली बादली लावली. वर्षभराची बेगमी काही होत नाही, नगरचा पाऊस तो केवढा! पाणी गाळून ठेवलं आणि पाहते तर पातेलंभर कमी. सासूबाईंनी तूरडाळ शिजायला घातली होती.
"दोन शिट्ट्यांत लोणी झाली बघ," म्हणाल्या. "उद्या दुसरी बादली लाव."