लांकडी बदकांचा धडा

सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग तेवढें आणतां येत नाहीं, असें आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणीला मीं अनुभवानें एक जोड दिली आहे : पाण्याचें व वाऱ्याचें मन जाणल्याशिवाय बदकाचेंही सोंग आणतां येत नाहीं.

अमेरिकेंत शिकत असतां एका हिवाळ्यांत मी मेरीलँड राज्यांत, जेथें सस्क्वेहाना नदी चेसापीक उपसागरास मिळते तेथें, एका वृद्ध गृहस्थांचा पाहुणा होतों. रानबदकांना भुलवून खालीं उतरविण्यासाठीं पाण्यावर लांकडी बदकें मांडण्याची कला त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. युक्ति मात्र त्याहूनही पुरातन. नेवाडा राज्यांतील लव्हलॉक गुहेंत १९२४ सालीं लव्हाळ्यांचीं केलेलीं अशीं बदकें सांपडलीं. तीं सुमारें २००० वर्षांपूर्वींचीं आहेत.

रंग हुबेहूब असला म्हणजे झालें, अशी माझी समजूत होती. गृहस्थ हंसून म्हणाले, "पक्षी दुरून रंग पाहत नाहीं, डोलणें पाहतो." बदकाच्या पोटाखालीं शिसें बसवितात, म्हणजे लाटेनें तें उलटत नाहीं. नांगराची दोरी छातीशीं बांधतात, म्हणजे तें खऱ्या पक्ष्याप्रमाणें वाऱ्याकडे तोंड करतें. वारा जोराचा असेल तर दोरी लांब व नांगराचें वजन भारी हवें; दोरी आंखूड पडली कीं बदक नाक पाण्यांत खुपसतें. वारा पडला तर सारी मांडणी निर्जीव दिसते. तेव्हां एक-दोन बदकांना निराळी दोरी लावून ती लपणीच्या जागेंतून हळूंच ओढतात आणि पाण्यावर तरंग उठवितात. पक्षी वाऱ्यासमोर तोंड करून उतरतात. म्हणून त्यांच्या उतरण्याच्या वाटेवर, मांडणीच्या वाऱ्याआडच्या अंगास, मोकळें पाणी राखावें लागतें.

एके पहाटे दोऱ्या बांधण्याचें काम मीं हौसेनें मागून घेतलें. रात्रभर वायव्येच्या वाऱ्यानें पाणी बाहेर लोटलें होतें. तीन फूट खोली मोजून मीं चार फुटांच्या दोऱ्या बांधल्या. मांडणी मोठी देखणी दिसली! पण थोड्याच वेळानें वारा दक्षिणेकडून वाहूं लागला व त्यांत भरती लागली. पाणी पांच फुटांवर गेलें, नांगर तळापासून उचलले गेले आणि एकेक बदक वाहत चाललें.

त्यांतलीं कित्येक त्या गृहस्थांच्या वडिलांनीं स्वतः कोरलेलीं होतीं. सत्तरी उलटलेले ते गृहस्थ एक शब्दही न बोलतां लहानशी होडी घेऊन लाटांत शिरले. मला वल्हवितां येत नव्हतें. मी किनाऱ्यावर जीव मुठींत धरून उभा राहिलों. ते परत आले तेव्हां गारठ्यानें त्यांचीं बोटें वळत नव्हतीं. दोन बदकें मिळालींच नाहींत. मला मान वर करवेना. ते एवढेंच म्हणाले, "मुला, तूं आतांचें पाणी मोजलेंस. दोरी येणाऱ्या पाण्यासाठीं बांधायची असते."

त्या दिवशीं बंदूक वाजली नाहीं. परंतु आजही एखादें काम नीटनेटकें झालें म्हणून मन फुगूं लागलें, कीं तीं न सांपडलेलीं दोन बदकें डोळ्यांसमोर येतात; आणि मी आपली दोरी पुन्हां एकदां मोजून पाहतों.