सोळा आणि दश्शी

आमच्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांत पत्त्यांचे स्थान संशयित पाहुण्यासारखे राहिले आहे. त्यांना ओसरीवर बसू द्यायचे, पण माजघरात घ्यायचे नाही. दिवाळीच्या चार दिवसांत झब्बू, बदाम सत्ती आणि मेंढीकोट यांना मुभा असे. डावात पैसा आला की मात्र आजी सारी पाने गोळा करून फडताळात टाकी. पोळातल्या गुजराती शेजाऱ्यांचा रिवाज उलटा. श्रावणातली सातम-आठम त्यांच्याकडे तीन पत्तीशिवाय सुनी जाई, आणि मधेच पोलीस येऊन गेले तर तीही वर्षभर सांगायची गंमत होई. आमच्याकडे जुगार म्हणजे सर्वनाश, त्यांच्याकडे जुगार म्हणजे मोजून करायचा एक खर्च. दोन्ही मतांचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आमच्यातला जो कोणी या वाटेला गेला तो पुरताच गेला, याचे कारण त्याला खेळायचे नाही एवढेच शिकवलेले होते; उठायचे कधी, हे कोणी शिकवले नव्हते.

उठणे ही विद्या आहे, हे आम्ही पाहिले ते फार दूर, अमेरिकेत. भाच्याकडे न्यू जर्सीत मुक्कामाला असताना त्याच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांबरोबर आम्ही अटलांटिक सिटीला गेलो. गृहस्थ मूळचे चरोतरातले. सारे त्यांना काका म्हणत. महिन्यातून एकदा बसने जायचे, डब्यात थेपले, खिशात घरून मोजून आणलेले दोनशे डॉलर. ते उजव्या खिशात. जिंकलेले डाव्या खिशात जाई आणि घरी पोहोचेपर्यंत बाहेर येत नसे. फुकट मिळणारे मद्य ते घेत नसत. "फुकटच्या पेल्याची किंमत पुढच्या डावात वसूल होते," असे त्यांचे म्हणणे.

ते खेळत तो ब्लॅकजॅक. खेळ तसा सरळ आहे. दोन पानांपासून आरंभ करून एकवीसच्या जवळ जायचे, पण ओलांडायचे नाही. राजा, राणी, गुलाम यांचे दहा धरायचे, एक्का एक किंवा अकरा. वाटणाऱ्याला मन नसते: सोळापर्यंत त्याने पान घेतलेच पाहिजे, सतराला थांबलेच पाहिजे. खेळणाऱ्याला मात्र निवड असते, आणि सारी गंमत व सारा घात त्या निवडीत आहे. शिवाय पाळी आधी खेळणाऱ्याची. तो एकवीस ओलांडून गेला की त्याचे पैसे तत्क्षणी उचलले जातात. मग वाटणाराही ओलांडून गेला तरी ते परत येत नाहीत. जुगारघराचा नफा मुख्यतः या एका कलमात आहे.

आता आपल्या हाती सोळा आहेत आणि वाटणाऱ्याची दश्शी उघडी आहे, असे समजा. पान घ्यावे तर तेरा प्रकारच्या पानांपैकी छक्कीपासून राजापर्यंतचे आठ प्रकार आपल्याला बुडवणारे. न घ्यावे तर चारांत तीन वेळा तरी वाटणारा आपल्यावर जाणार. गणित सांगते, घ्या. कारण घेतल्याने होणारा तोटा न घेतल्याच्या तोट्याहून केसभर कमी आहे. नवखा माणूस येथे अडखळतो. त्याला वाटते, योग्य चाल म्हणजे जिंकण्याची चाल. काका निमूटपणे बोटाने टेबलावर टिचकी मारीत, पान येई, बहुधा बुडत, आणि चेहऱ्यावर काही उमटत नसे. "दोन वाईटांतले कमी वाईट घेतले, आता रडायचे कशाला?" एवढेच म्हणत.

त्या टेबलावर शेवटच्या जागेवर बसलेल्या एका बाईंनी पान घेतले आणि पुढचे पान वाटणाऱ्याला लाभले. लगेच दोघेतिघे तिच्यावर चिडले, तिने वाटणाऱ्याचे बुडवणारे पान खाल्ले म्हणून. हा समज त्या खेळाइतकाच जुना असावा. पिसलेल्या पानांत कोणते वर आहे हे कोणालाच ठाऊक नसते. ती बाई जितक्या वेळा घात करील तितक्याच वेळा तारील. तारते तेव्हा मात्र तिचे आभार कोणी मानीत नाही. (एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनेची आठवण आम्हांस येथे झाली.)

या खेळातली बरी चाल कोणती, हे अमेरिकन सैन्यातल्या चार तरुणांनी साध्या गणकयंत्रांवर बोटे झिजवून काढले आणि १९५६ साली प्रसिद्ध केले. एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकांनी संगणकाच्या साहाय्याने त्यापुढची पायरी गाठली, आणि १९६२ साली ‘बीट द डीलर’ या पुस्तकात दाखवले की, कोणती पाने होऊन गेली याची मोजदाद ठेवली तर पारडे आपल्याकडे किंचित झुकवता येते. दश्श्या आणि एक्के मागे उरले असतील तेव्हा पैसे वाढवायचे, छोटी पाने उरली असतील तेव्हा कमी करायचे. केवळ अशी मोजदाद करतो म्हणून कोणाला हाकलता येणार नाही, असे न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ठरवले. तेव्हा जुगारघरांनी अधिक जोड एकत्र केले आणि लवकर पिसायला सुरुवात केली.

हे वाचताना आम्हांस वनपर्वातला ऋतुपर्ण आठवला. बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याने पाने आणि फळे मोजली. नळाने उतरून पडताळा घेतला तो बरोबर निघाला. प्राचीन काळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत. म्हणजे अक्षहृदय ही मोजण्याची विद्या होती, आणि ती शिकताच नळाच्या देहातून कली बाहेर पडला. पुष्कराकडून राज्य त्याने पुन्हा द्यूतानेच परत घेतले. आमच्या कीर्तनकारांनी दमयंतीचा विलाप खूप रंगवला, या मोजणीकडे मात्र फारसे लक्ष दिले नाही.

मोजणी न करता नुसती बरी चाल खेळणाऱ्याचा तोटा, नियम बरे असतील तर, शंभराला सुमारे अर्धा पडतो. दहा डॉलरचे साठ डाव म्हणजे तीन डॉलर. पण त्याच तासात नशीब शंभर डॉलर इकडे किंवा तिकडे सहज लोटते. एका संध्याकाळी शिस्त दिसतच नाही, दिसते ते नशीब. शिस्त दिसायला वर्षे लागतात, आणि तेवढा धीर टेबलावर बसलेल्याला नसतो. त्या दिवशी काकांची पाने चालत होती. भाचा म्हणाला, "काका, आता उठू नका." घड्याळाकडे पाहून काका उठले. परतीच्या बसमध्ये त्यांनी सांगितले की त्यांच्या मोठ्या भावाने चालते दुकान पत्त्यांत घालवले होते, आणि ते दुकान सुटताना किल्ल्या मोजून देण्याचे काम त्यांच्याकडे आले होते.

आमचा आतेभाऊ असा उठणारा निघाला नाही. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर तो वर्षातून दोनदा, मग चारदा जाऊ लागला. त्याची पद्धत दुप्पट करण्याची. पाचशे हरले की हजार, मग दोन हजार. एकदा जिंकले की सारे वसूल होऊन पाचशे वर. ओळीने सात डाव गेले की गेलेली रक्कम साडेत्रेसष्ट हजार, आणि आठव्याला चौसष्ट हजार लावायचे, तेही टेबलाची मर्यादा आड आली नाही तर. सात डाव ओळीने जाणे दुर्मीळ वाटते. पण ही दुप्पट नव्वद वेळा आरंभली तर सरासरीने एकदा ते घडते. एकोणनव्वद वेळा पाचशे मिळून साडेचव्वेचाळीस हजार होतात. बाकीचा हिशेब वहिनींनी वहीत लिहून आमच्यापुढे ठेवला. त्यात त्यांच्या पाटल्या होत्या, दोन सावकार होते आणि मुलीच्या शिक्षणाची ठेव होती.

प्रश्न वाड्याचा होता. रावपुऱ्यातल्या वाड्यात आमच्या आत्याच्या वाटणीच्या दोन खोल्या आहेत. त्या विकून देणी भागवायची तर सर्व भावंडांच्या सह्या हव्यात. एका भावाचे म्हणणे, बुडू दे, त्याशिवाय सुधारणार नाही. आम्हांस ते पटले नाही. त्याच्याबरोबर बुडणारी माणसे पत्त्याला हात न लावलेली होती. आम्ही त्याला दुपटीचे गणित कागदावर मांडून दाखवले. त्याने शांतपणे वाचले.

"दादा, हे मला ठाऊक होते," तो म्हणाला. "सातव्या डावाला आठवलेही होते. पण हात आधीच पुढे गेला होता."

सह्या झाल्या आहेत. देणी भागून जे उरेल ते वहिनींच्या एकटीच्या नावे ठेवायचे, असे ठरले, आणि त्यालाही ते मान्य आहे. खरेदीखत अश्विनात होईल.