स्टिंगरे पाहायला कोणत्या बोटीने जावं?

ग्रँड केमनला क्रूझचं जहाज धक्क्याला लागत नाही. जॉर्जटाऊनसमोर ते समुद्रातच नांगर टाकतं आणि प्रवाशांना टेंडर म्हणजे छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. एकाच दिवशी तीन-चार जहाजं आली की टेंडरच्या रांगेतच बराच वेळ जातो. शिवाय परतीचा शेवटचा टेंडर जहाज सुटण्याच्या बराच आधी निघतो. कागदावर ‘सकाळी 8 ते दुपारी 4’ असं छापलेलं असलं तरी हाती जेमतेम पाच-साडेपाच तास उरतात. म्हणूनच तिथे काय पाहायचं याहून ते कोणत्या बोटीने पाहायचं, हा प्रश्न मोठा होतो.

आमच्या घरात ‘काय’चं उत्तर मुलाने आधीच देऊन टाकलं होतं: स्टिंगरे. ‘कोणत्या बोटीने’ यावर मात्र न्यू जर्सीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर चांगलाच खल झाला. नवऱ्याला स्वस्त सहल हवी होती, मुलाला जास्तीत जास्त ठिकाणं हवी होती. मालवणहून उन्हाळ्यापुरते आलेल्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मुळात पाकटाच्या, म्हणजे स्टिंगरेच्याच, जवळ जायचा हा हट्टच कळत नव्हता. “रापणीत पाकट गावलो की आमी आधी शेपटेकडे बघतो,” ते म्हणाले. “जपान हां गो. काटो लागलो तर जीव जाता.”

पहिला प्रश्न होता, सहल जहाजाकडून घ्यायची की बाहेरून. जहाजाची सहल महाग पडते, पण त्या प्रवाशांना टेंडरमध्ये आधी घेतात आणि सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरची सहल स्वस्त असते, बोटही बऱ्याचदा लहान मिळते, मात्र तुमच्यासाठी जहाज थांबत नाही. त्यात घड्याळाचा घोळ. केमनमध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये मायामीत नऊ वाजतात तेव्हा तिथे आठच वाजलेले असतात. जहाज मायामीच्या वेळेवरच चालत असेल, तर ‘नऊला भेटा’ म्हणजे कुणाच्या नऊला, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

दुसरा प्रश्न थांब्यांचा. काही बोटी फक्त स्टिंगरे जमतात त्या वाळूच्या पट्ट्यावर नेतात, काही त्याला प्रवाळातलं स्नॉर्केलिंग जोडतात, तर काही वर ‘स्टारफिश पॉइंट’ही दाखवतात. पैसे तेवढेच आणि थांबे तीन म्हटल्यावर फायदा वाटतो, पण वेळ तेवढाच असल्याने प्रत्येक ठिकाणी मास्क चढवेपर्यंत उतरायची वेळ होते. आम्ही दोन थांब्यांवर ठरवलं. अण्णांच्या गुडघ्यांसाठी पाण्यात उतरायची शिडी कशी आहे, तेही विचारलं.

शेवटचा प्रश्न मी दोन कंपन्यांना लिहून पाठवला: तुम्ही स्टिंगरेला पाण्याबाहेर उचलता का? एकीकडून एका पर्यटक बाईंचा फोटो आला, हातांवर आडवा धरलेला मासा आणि त्याला दिलेलं चुंबन. खाली मजकूर, चुंबन घेतलंत तर सात वर्षं नशीब उघडतं! दुसरीकडून दोनच ओळी आल्या. बाहेर काढायला नियमाने बंदी आहे आणि आमच्या बोटीवर कुणालाही मासा धरायला लावत नाही. दुसरी बोट थोडी महाग होती. पैसे त्यांनाच भरले.

जॉर्जटाऊनहून छोट्या बसने नॉर्थ साउंडच्या धक्क्यावर गेलो. केमन हा ब्रिटनच्या ताब्यातला प्रदेश असल्याने गाड्या डाव्या बाजूने चालतात. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच रस्ता सरळ दिसतोय, असं अण्णांनी जाहीर केलं. नॉर्थ साउंड म्हणजे बेटाच्या उत्तरेची मोठी उथळ खाडी. तिच्या तोंडाशी प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे बाहेर लाटा असल्या तरी आतलं पाणी शांत राहतं. स्टिंगरेंची गोष्ट या शांत पाण्यातूनच सुरू झाली, हे कप्तानाने वाटेत सांगितलं. मासेमारी करून परतणारे कोळी इथेच नाव लावून मासे साफ करत आणि कोठा-आतडी पाण्यात टाकत. ती खायला स्टिंगरे जमू लागले आणि इंजिनाचा आवाज म्हणजे खाणं, एवढं त्यांना कळलं. 1980च्या दशकाच्या मध्यावर पाणबुड्यांनी त्यांना हाताने भरवायला सुरुवात केली आणि बघता बघता तो केमनचा मोठा व्यवसाय झाला.

वाळूच्या पट्ट्यावर पाणी कमरेएवढंच. उतरण्याआधी कप्तानाने एक गोष्ट सगळ्यांकडून करून घेतली: पाऊल उचलायचं नाही, वाळूवरून घासत न्यायचं. स्टिंगरे वाळूत अंग पुरून बसतो. पाय घासत गेलं तर त्याला चाहूल लागते आणि तो बाजूला होतो. वरून पाय पडला तर शेपटीवरचा दातेरी, विषारी काटा उलटतो. मुलाने अण्णांच्या वतीने विचारलं, इथल्यांचे काटे काढलेत का? “नाही, ही रानटीच जनावरं आहेत,” कप्तान म्हणाला. टीव्हीवरचा प्राणिप्रेमी स्टीव्ह आयर्विन 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात स्टिंगरेच्याच काट्याने गेला, हे बोटीवर सगळ्यांना ठाऊक होतं, पण नाव कुणी घेतलं नाही.

मग ते आले. करडे, रुंद, पंख हलवत आमच्या पायांना घासून जाणारे. माद्या नरांपेक्षा बऱ्याच मोठ्या, काहींची रुंदी मीटरभराच्या पुढे. डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली, त्यामुळे तोंडापाशी धरलेलं खाणं त्यांना दिसत नाही, वासाने कळतं. माकुलाचा तुकडा मुठीत, अंगठा आत घेऊन धरायचा. मी धरला आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीने हात ओढावा तसा तो ओढला गेला. डोळ्यांमागची दोन छिद्रं उघडत-मिटत होती. वाळूत बसलेला असताना स्टिंगरे तिथूनच पाणी आत घेऊन श्वास घेतो. शिडीवर बसलेले अण्णा शेवटी उतरले. हात मात्र लावला नाही, कमरेवर ठेवून नुसते बघत राहिले. “हाड नाय ह्येच्यात, कुर्चा फक्त,” त्यांनी नातवाला समजावलं. बरोबरच होतं. स्टिंगरे शार्कच्या नात्यातला.

थोड्या वेळात आणखी बोटी आल्या, गाण्यांसह. शेजारच्या घोळक्यात एकाने मासा उचलून पर्यटकांच्या हातांवर ठेवला, फोटो झाले, पुढचा गट आला. आमच्या कप्तानाने न बोलता बोट पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला नेली.

फ्लोरिडाच्या नोव्हा साउथईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये या स्टिंगरेंबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. स्टिंगरे एरवी रात्री, एकेकटे फिरून खाणं शोधतात. पट्ट्यावरचे मात्र दिवसा वावरू लागले आहेत, थोड्याशाच जागेत दाटीने राहतात आणि एकमेकांना चावतातही. म्हणजे आमच्यासारख्यांच्या येण्याने त्यांची रात्र आणि दिवस बदलले. दुसरीकडे, त्यांच्यावर पोट असलेल्या बेटाने त्यांना कायद्याचं संरक्षणही दिलं. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

नंतरचा प्रवाळातला थांबा शांत होता. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात तो कडकड आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. जांभळे समुद्रपंखे हलत होते, पण मधूनच पांढरे पडलेले मृत प्रवाळही दिसत होते. 2020 पासून इथे प्रवाळांचा एक रोग पसरला आहे. प्रवाळांवर आणखी ताण नको म्हणून अंगाला सनस्क्रीन फासण्याऐवजी लांब बाह्यांचे कपडे घाला, आणि तळाला पाय टेकवू नका, हे कप्तानाने पुन्हा बजावलं.

टेंडर वेळेत मिळाला. स्वस्त सहलीपेक्षा जास्त पैसे गेले, नवऱ्याने त्याचा उल्लेख जहाजावर दोनदा केला. तरीही माझं मत तेच आहे. केमनला जाणार असाल तर जरूर जा, पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: बोटीवर माणसं किती, पाण्यात खरा वेळ किती, आणि तुम्ही मासा पाण्याबाहेर काढता का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर ती बोट कितीही स्वस्त असो, दुसरी शोधा.