तलावाकाठची ठिगळं

मैत्रिणींनो, ठिगळ लावणं काही आपल्याला नवं नाही. मुलाच्या पँटचा गुडघा असो, उशीचा अभ्रा असो, नाहीतर सासूबाईंची वर्षानुवर्षांची गोधडी असो, सुई-दोरा घेऊन बसलं की तासाभरात काम होतं. पण सिमेंटलाही ठिगळ लावावं लागतं, आणि ते आपल्या हट्टानं चुकलं तर कुणाच्या तरी हाडांवर बेततं, हे मला आत्ता आत्ता कळलं. स्वतःची चूक अशी चारचौघींत सांगणं सोपं नाही. तरी सांगते, कारण तुमच्याही अंगणात, मोरीत नाहीतर गच्चीवर कधी ना कधी गवंडी येणारच आहे!

आम्ही सांगलीला राहतो. चोवीस घरांची लहानशी सोसायटी आहे. आमच्या आधीच्या पिढीतली मुलं कृष्णेत पोहायला शिकली. पण हल्ली नदीत मगरी दिसतात, तेव्हा पोरांना घाटावर पाठवायला आईचा जीव धजत नाही. मग कुणीतरी कल्पना काढली, की मागच्या मोकळ्या जागेत आपणच लहानसा पोहण्याचा तलाव का बांधू नये? दोन वर्षं घरटी पैसे साठवले, आणि २०२३ च्या गुढीपाडव्याला तलावात पाणी सोडलं. पोरांचा आनंद काय वर्णावा! मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून 'बाई, तुम्ही असा कमिटीत' म्हणून मलाही घेतलं होतं. कमिटीत मी एकटीच बाई. त्यामुळे मला जरा जास्तच उत्साह होता, हे कबूल करते.

तलावाभोवती चार-पाच फूट रुंद काँक्रीटचा काठ केला होता. त्यावर खराट्यानं ओढलेल्या बारीक रेघा होत्या. मला त्या मुळीच आवडल्या नव्हत्या. वाटायचं, एवढा खर्च केला आणि काठ मात्र असा खरबरीत!

पहिला पावसाळा झाला आणि एका बाजूचा काठ खचला. आमच्याकडची काळी माती तुम्हाला ठाऊकच आहे. पावसात फुगते, उन्हात आकसते, भेगा पडतात. तलावाचा खड्डा तलावापेक्षा मोठा खणावा लागतो. भिंत झाल्यावर मधली जागा मुरूम घालून, पाणी मारून, थराथरानं धुम्मस करून भरायला हवी. आमच्याकडे खणलेली तीच काळी माती परत ढकलून दिली होती. ती बसली आणि वरचं काँक्रीटही बसलं. त्यात दिवाळीच्या सुमारास एक पाइप गळायला लागला, म्हणून दुसऱ्या बाजूनं उकरलं. काँक्रीट आणि तलावाच्या कडेचे दगड यांच्यामधली फट सिमेंटनं गच्च भरलेली होती, तीही तडकली. असं करता करता तलावाभोवती तीन ठिकाणी दुरुस्त्या झाल्या.

आणि तिन्हींचे रंग तीन! एक पांढुरकं, एक काळपट, एक राखेसारखं. कंत्राटदार म्हणाले, "वाळलं की एक होईल." महिना झाला, दोन झाले, पण एक काही होईना. येणारे पाहुणे पाण्याकडे बघायचे सोडून त्या ठिगळांकडेच बघतात असं मला वाटायचं. आमचे 'हे' म्हणाले, "अगं, पोरं पाण्यात उड्या मारतात, काठाकडे कोण बघतं?" पण मला चैन पडेना. घरात एखादा पडदा वेगळ्या रंगाचा लागला तर आपल्याला जसं सलतं ना, तसं.

शेवटी मी मिस्त्रींनाच गाठलं. म्हटलं, "मामा, या तिन्ही ठिगळांवर सिमेंटची स्लरी मारा आणि मस्त घोटून टाका. आमच्या माहेरी सोप्यातला कोबा कसा आरशासारखा होता, तसं करा. रंग एक झाला पाहिजे."

मिस्त्री जुने, साठीच्या घरातले. त्यांनी मान हलवली. "बाई, असं घोटू नगासा. पानी पडलं की पाय ऱ्हायचा न्हाई."

मी म्हटलं, "मामा, मला सांगू नका. कमिटीचं काम आहे, करा."

त्यांनी केलं. लोखंडी थापीनं घोटघोटून तिन्ही ठिगळं एकसारखी करड्या रंगाची केली. आठ दिवस मी रोज संध्याकाळी जाऊन बघत होते. शेजारणींनाही दाखवलं.

नवव्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू नातवाला घेऊन तलावावर गेल्या. नातू पाण्यातून बाहेर आला, त्याच्या अंगाचं पाणी काठावर सांडलं. काकू टॉवेल घेऊन पुढे झाल्या, आणि त्या आरशासारख्या ठिगळावर त्यांचा पाय सटकन गेला. पडताना हात टेकला तो मनगटातच मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर! ज्या बाईनं माझ्या बाळंतपणात मला डिंकाचे लाडू करून घातले, तिला डाव्या हातानं जेवताना बघायची वेळ माझ्यावर आली.

मी रोज डबा घेऊन जायची. काकू म्हणायच्या, "अगं, माझंच लक्ष नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होते." त्या मला काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता खरी शरमेची गोष्ट सांगते. त्या आठवड्यात कमिटीची बैठक झाली. सगळे संतापलेले. कंत्राटदार म्हणाले, "मिस्त्रीनं मनानं केलं असेल, आम्ही घोटायला सांगितलं नव्हतं." लगेच ठरलं, मिस्त्रींचे राहिलेले पैसे अडवायचे. आणि मी? मी गप्प बसले. मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिले. शाळेत पोरांना 'खरं बोलावं' म्हणून सांगणारी मी!

दोन दिवसांनी दुपारी शाळेतून येत होते, तर फाटकाशी मिस्त्री सायकल धरून उभे. पैशाचं विचारायला आले होते. वॉचमननं आत सोडलं नव्हतं. मला वाटलं, आता हे सगळ्यांदेखत म्हणणार, 'बाई, तुमीच सांगितलं हुतं न्हवं?' पण त्यांनी विचारलं ते एवढंच, "त्या म्हाताऱ्या बाईंचा हात कसा हाय?"

मी घरी आले. पर्स ठेवायचंही भान राहिलं नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही. ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? जिथं बोलायला हवं होतं तिथं बोल."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांकडे जाऊन बैठक बोलवायला लावली. उभी राहिले तेव्हा पाय कापत होते. म्हटलं, "मिस्त्रींनी मला नको म्हणून सांगितलं होतं. घोटायला मी लावलं. पैसे अडवायचे तर माझे अडवा." क्षणभर कुणीच बोललं नाही. मग एक जण म्हणाले, "बाईंनी तरी कबूल केलं. ती काळी माती खड्ड्यात लोटताना आपण सगळेच बघत होतो की!" कंत्राटदारांनाही मग बोलता येईना. मिस्त्रींचे पैसे त्याच दिवशी दिले, आणि दुरुस्ती त्यांच्याच सल्ल्यानं करायची असं ठरलं.

या वेळी मी शिकवायला नाही, शिकायला उभी राहिले. जे शिकले ते तुम्हालाही सांगते, कारण अंगणातल्या कोब्याला आणि गच्चीलाही बहुतेक तेच लागू आहे.

पहिलं म्हणजे, रंग का बदलतो? सिमेंटचं पोतं बदललं की रंग बदलतो. साध्या सिमेंटचा रंग वेगळा, कोळशाची राख मिसळलेल्या सिमेंटचा वेगळा. नदीची वाळू आणि दगड दळून केलेली क्रश सँड यांचाही फरक पडतो. पाणी जास्त घातलं की काँक्रीट पांढुरकं होतं आणि कमकुवतही होतं. लोखंडी थापीनं फार घोटलं की काळपट होतं. आमच्या तीन ठिगळांना तीन वेळची पोती, तीन वेळची वाळू आणि तीन वेगळे हात लागले होते. मग रंग एक कसा होणार?

दुसरं, वरून स्लरी मारणं म्हणजे मळक्या साडीवर अत्तर शिंपडणं! आमची ती सुंदर स्लरी महिन्याभरात पापुद्र्यासारखी सुटायलाही लागली होती. जुन्या काँक्रीटला पातळ थर धरत नाही. दुरुस्तीचा भाग कटरनं सरळ चौकोनी कापून घ्यावा, निदान दीड इंच तरी खोल. कडा निमुळत्या ठेवल्या तर त्या आधी तुटतात. आतली धूळ पार काढावी, रात्रभर पाणी पाजावं. भरताना मात्र आत पाणी साचलेलं नसावं. आधी ब्रशनं सिमेंटची पेस्ट लावावी आणि ती ओली आहे तोवरच माल भरावा.

तिसरं मला फार आवडलं. मधेच ठिगळ घालण्यापेक्षा जोडाच्या रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचा पूर्ण चौकोनच नवा करायचा. मग तो ठिगळ न दिसता डिझाइनसारखा दिसतो. आपण साडीच्या फाटक्या भागाला तुकडा न लावता तिथं काठच जोडतो ना, तसंच हे.

चौथं, नमुना. माझी आई म्हणायची, ठिगळाचं कापड आधी धुऊन वाळवून घ्यावं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि भोवतीचं कापड ओढून धरतं. काँक्रीटचंही तसंच. मिस्त्रींनी तीन पाट्यांत तीन मिश्रणांचे नमुने केले. एकात थोडं पांढरं सिमेंट घातलं. महिनाभर ते काठावर पडू दिले आणि पुरते वाळल्यावर मग जुळवून बघितले. ओल्या सिमेंटचा रंग बघून निवड करणं म्हणजे कच्च्या पिठावरून चकलीची चव सांगणं!

पाचवं, पाणी मारणं. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, राखेच्या सिमेंटला निदान दहा दिवस ओलावा हवा. गोणपाट टाकून ते ओलं ठेवायचं काम आम्ही बायकांनी वाटून घेतलं. सकाळी मी, दुपारी समोरच्या वहिनी. कुठं ओलं आणि कुठं कोरडं राहिलं तर तिथंही डाग पडतात.

शिवाय खालची काळी माती काढून मुरूम भरला, धुम्मस केली. दगडांच्या कडेची फट सिमेंटनं न भरता रबरासारख्या मऊ सीलंटनं भरली. उन्हात काँक्रीट फुगतं, त्याला हलायला जागा नको का? काठाला तलावापासून बाहेरच्या बाजूला उतार दिला, म्हणजे काठावरचं पाणी साचत नाही आणि पायांची माती तलावात जात नाही. आणि शेवटी मिस्त्रींनी खराटा घेतला. ओल्या काँक्रीटवर एका दमात सरळ रेघा ओढल्या. त्याच रेघा, ज्या मला आवडत नव्हत्या! नवे चौकोन पुरते पक्के होईपर्यंत आम्ही पोरांना तिकडे फिरकू दिलं नाही.

रंग तंतोतंत जुळला का? नाही. पाइपजवळचा चौकोन अजून जरा उजळ दिसतो. दोन-चार पावसाळ्यांत तो मळेल, असं मिस्त्री म्हणतात. पण मला आता तो सलत नाही. उलट रोज बघावा असं वाटतं.

काम झाल्यावर काकूंना मी हात धरून तिथं घेऊन गेले. मुद्दाम बादलीभर पाणी ओतलं. चप्पल काढून आधी मी चालले. मग काकू म्हणाल्या, "सोड हात, मला चालू दे." त्या एकट्या त्या उजळ चौकोनावरून पलीकडे गेल्या आणि बाकावर बसून म्हणाल्या, "खरबरीत आहे, पण बरं आहे गं!"

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी गवंडी आला आणि 'बाई, असं नको' म्हणाला, तर हातातलं काम टाकून दोन मिनिटं ऐकून घ्या. चहा ठेवा, आणि 'का नको?' एवढं विचारा. मी ते विचारलं असतं, तर काकूंचा हात शाबूत राहिला असता.