हार्ड डिस्कचे बॅड सेक्टर आणि माझी चूक

शिक्षक मित्रहो, पालकहो, आजचा विषय पुस्तकाबाहेरचा आहे. पण तुमच्या कॉम्प्युटरवर मुलांचं काही साठवलेलं असेल, तर वाचाच.

मागच्या मार्चमध्ये शाळेचा कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा-दहा मिनिटं घेऊ लागला. फोल्डर उघडला की अडकायचा, आतून कट्‌ कट्‌ आवाज. मला वाटलं व्हायरस. (डी.एड.ला हे कुठे शिकवलंय!) इंटरनेटवर वाचून चेक डिस्कची कमांड 'आर' लावून दिली आणि घरी गेले. सकाळी काम निम्म्यावर अडकलेलं. बंद करून चालू केला, तर 'फाउंड' नावाचा नवा फोल्डर आणि त्यात बिननावाच्या फायली.

मुलांच्या वर्णनात्मक नोंदींची प्रिंट कपाटात होती, त्यामुळे तिची चिंता नव्हती. पण पहिलीच्या ३१ मुलांचं वाचन मी जूनपासून दर महिन्याला रेकॉर्ड करत होते. मोबाईलमध्ये जागा नाही म्हणून तिथून पुसलेलं. एका मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ. "आई आली की ऐकवू हं," असं मीच तिला सांगितलं होतं.

तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दादांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, आधी बंद करा. परत चालूच करू नका."

त्यांच्याकडून समजलं ते असं. डिस्कवर माहिती बारीक खणांत असते, त्यांना सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये एका खणात ५१२ बाइट, नव्यांत बहुधा ४०९६. जो खण वाचता येत नाही तो बॅड सेक्टर. लाइट अचानक गेल्यामुळे खण अर्धवट लिहिला गेला असेल, तर पुन्हा लिहिल्यावर तो सुधारू शकतो. पृष्ठभागच खराब असेल तर नाही. मग डिस्क त्याच्या जागी राखीव खण वापरते. पण आतला मजकूर त्याने परत येत नाही. खराब खण डिस्क पुन्हा पुन्हा वाचून बघते, म्हणून कॉम्प्युटर अडकतो. आणि 'आर' लावलं की तिला सगळेच्या सगळे खण वाचावे लागतात. तापाने फणफणलेल्या पोराला मी मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या!

दादांनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली आणि लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावला. तो सोपा भाग आधी उतरवून घेतो, अवघड भागाकडे नंतर वळतो. आपण परीक्षेत मुलांना सांगतो, तसंच की! कुठपर्यंत झालं याची नोंदही ठेवतो. दोन रात्री लागल्या. दुरुस्तीचे प्रयोग त्यांनी त्या नकलेवर केले, मूळ डिस्कला हात लावला नाही.

तुम्ही आजच क्रिस्टल डिस्क इन्फो उघडा. 'रीअलोकेटेड' आणि 'करंट पेंडिंग' सेक्टरचे आकडे शून्य नसतील, वाढत असतील, तर फायली आधी दुसरीकडे घ्या. फॉरमॅट मारून बघू, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

चार मुलांचं काहीच मिळालं नाही. त्या मुलीचं डिसेंबरचं वाचन मिळालं, पण मध्येच तुटतं. एप्रिलमध्ये तिची आई आली, तेव्हा मी तेच लावलं. तुटलेलं तिच्या लक्षातही आलं नाही. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "बाई, अजून एकदा लावता का?"